नानांचं पत्र पोस्टात आहे

मोघे सर एकशे चाळीस वर्षांपूर्वीची पत्रं वाचत, पण त्यांची तारीख चुकवत नसत. सात ऑक्टोबरचं पत्र सात ऑक्टोबरलाच. सहाला त्या पानावर नजरसुद्धा टाकायची नाही. पुढची पानं ते मोठ्या क्लिपनं बंद करून ठेवत. शुक्रवारचं पत्र तेवढं शनिवारी, कारण अमिरातीतल्या अल ऐनमध्ये शुक्रवारी पोस्ट बंद.

चिनू, मीरा, निरोपापुढच्या दोन खुणा दहा मिनिटांत निळ्या झाल्या नाहीत, तर तुम्ही लगेच 'आजी, आर यू ओके?' विचारता. म्हणून तुम्हाला मोघे सरांबद्दल सांगायचं आहे. तुमच्या बाबांना दहावीत ते जीवशास्त्र शिकवत. त्याच वर्षी, म्हणजे सत्त्याण्णवच्या आसपास, मी त्या शाळेत ग्रंथपाल म्हणून लागले. सर आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एकटे राहत. शाळेत ते मला 'बाई' म्हणत आणि जिन्यात 'वहिनी'. या दोन हाकांची अदलाबदल त्यांनी एकदाच केली.

ते पुस्तक म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या दोन शास्त्रज्ञांचा वर्षभराचा पत्रव्यवहार. अल ऐन सोडताना कुणा इंग्रज इंजिनियरनं ते शाळेला दिलं होतं. एक शास्त्रज्ञ खेड्यात राहून गोगलगायींचा अभ्यास करणारा, दुसरा लंडनच्या संग्रहालयात जीवाश्म जुळवत बसलेला. त्यांची लांबलचक नावं सरांनी कधीच रद्द केली होती. गोगलगायवाले ते नाना आणि लंडनवाले ते अप्पा.

मधल्या सुट्टीत सर लायब्ररीत येऊन 'आजचं टपाल' वाचत आणि मग स्टाफरूममध्ये डबा उघडताना बातमी देत. नानांनी वीस गोगलगायींच्या शंखांना लाल रंग लावून त्या भिंतीपलीकडे सोडल्या, त्यातल्या सतरा कोबीच्या वाफ्यात परत आल्या. उरलेल्या तीन नानांच्या बायकोला लोण्याच्या भांड्यात सापडल्या. अप्पांनी उत्तरात गोगलगायींवर दोन ओळी लिहिल्या आणि स्वतःच्या गुडघ्यावर दोन पानं. जुन्या शिक्षकांना नाना सवयीचे झाले होते. हे नाना सरांचे कोण, असं कुणी विचारत नसे.

अरबी शिकवणारे उस्ताद मात्र माझ्यासारखेच नवे. नानांचं पोट बिघडल्याचं ऐकून त्यांनी दुसऱ्या दिवशी कलौंजीच्या तेलाची बाटली आणली आणि हिंदीत पथ्य समजावून सांगितलं. सरांनी बाटली दोन्ही हातांनी घेतली. म्हणाले, "लिख देता हूँ उनको." पुढच्या पत्रात नानांचं पोट सुधारलं, तेव्हा उस्तादांनी आम्हाला सगळ्यांना खजूर वाटले.

सरांचा स्वभाव काळजीचा. नानांचा शोध दुसराच कुणी आधी छापून मोकळा होईल, या भीतीनं ते स्वतःची नखं खात. 'छापा हो, आता तरी छापा,' असं पुटपुटत. स्वतःच्या बाबतीत मात्र त्यांचं एकच उत्तर ठरलेलं असे. उत्तरपत्रिका तपासल्या का? पोस्टात आहेत. पगारवाढीचं काय झालं? पोस्टात आहे. लग्नाला येणार ना? पोस्टात आहे.

तिकडे घरी पोस्टमन येत नसे. सगळ्यांचं टपाल शाळेच्या पोस्ट बॉक्सवर येई आणि साडेअकराला ड्रायव्हर पिशवी घेऊन येई. सरांचा तो तास नेमका मोकळा असे. नागपूरहून त्यांच्या पत्नीचं पत्र महिन्यातून दोनदा यायचं. ते हातात पडलं की सर आधी त्यावरचा शिक्का बघत, बोटांवर दिवस मोजत आणि "बारा" किंवा "अकरा" म्हणून खिशात टाकत. पत्नी त्यांच्याजवळ का राहत नाहीत, हे मीही विचारलं नव्हतं.

मार्च आला. दहा तारखेला सरांनी ते पुस्तक पहिल्यांदाच माझ्याकडून घरी नेण्यासाठी घेतलं. मी परत करायच्या तारखेचा, चोवीस मार्चचा शिक्का मारून दिला. चौदा तारखेला जिन्यात भेटले तेव्हा चेहरा उतरलेला. नानांची सात वर्षांची मुलगी, एमिली, तापानं पडली होती. आज तिनं संत्र्याची फोड मागितली, एवढीच त्या पत्रातली बरी गोष्ट.

"पुढचं पत्र कधीचं?" मी विचारलं.

"तेवीसचं."

त्यानंतर सरांचं कशात लक्ष लागेना. डबा तसाच घरी परत जाई. हजेरीपटात त्यांनी एका दिवशी सगळा वर्ग गैरहजर लावला. उस्ताद रोज मुलीची चौकशी करत आणि सर मान खाली घालून म्हणत, "खत पोस्ट में है." आणि खरं सांगायचं तर माझंही लक्ष उडालं होतं. तुमचे आजोबा म्हणाले, "अगं, दीडशे वर्षं होत आली. त्या मुलीच्या तापापायी तू आमच्या पोह्यांत मीठ घालायला विसरतेस."

अठरा तारखेला सर पुस्तक स्टाफरूमच्या टेबलावर ठेवून तासाला गेले. मी क्लिप काढली. असं मी आयुष्यात कधी केलं नव्हतं. तेवीस तारखेचं पत्र चारच ओळींचं होतं. एमिली गेली होती.

आता मला वेगळीच धास्ती बसली. तेवीसलाच सरांच्या वर्गाची प्रॅक्टिकल परीक्षा. वर खोलीत माणूस एकटा, जेवणाचं भान नाही, आणि त्याच्या हातात हे पान पडणार. मी तास संपायची वाट बघितली आणि सांगितलं, "सर, स्टॉक टेकिंग आहे. सगळी पुस्तकं जमा करायची आहेत." सरांनी पुस्तकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ते मला दिलं.

मी खोटं बोलले होते, पण ते अर्धवट सोडणं मला जमेना. म्हणून मी खरोखरच स्टॉक टेकिंग सुरू केलं. रोज साडेअकराला सर पोस्टाची पिशवी सोडून माझ्या दारात येत. "झालं का, बाई?" मी मान हलवून नाही म्हणायची. कपाटं संपत आली, तशी माझी झोप कमी होत गेली.

एकवीस तारखेला ते तपकिरी पुस्तक हातात आलं. मागच्या पानावरची तारखेची चिठ्ठी मला जरा जाड वाटली. सप्टेंबरमध्ये नोकरीला लागल्यावर मीच सगळ्या पुस्तकांवर जुन्या, मळक्या चिठ्ठ्यांवर नव्या चिकटवल्या होत्या. मला नीटनेटकं लागतं. पट्टीच्या कडेनं मी नवी चिठ्ठी उचलली. खालच्या चिठ्ठीवर एकाखाली एक शिक्के होते. चोवीस मार्च. चोवीस मार्च. चोवीस मार्च. सात वर्षांचे सात, आणि प्रत्येकापुढे सरांचाच कार्ड नंबर.

साडेअकराला सर दारात आले. मी चिठ्ठी झाकली नाही.

"सर, तुम्हाला माहीत आहे पुढचं."

"हो, वहिनी." शाळेत, लायब्ररीच्या दारात उभं राहून ते वहिनी म्हणाले.

मी त्यांना बसायला खुर्ची दिली. ते टेबलावरच्या शिक्क्याच्या डब्याची उघडझाप करत राहिले. मग सांगितलं, तेही वर्गात धडा सांगावा तसं, एकामागून एक. ते अल ऐनला आले त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांची मुलगी तापानं गेली. नंदा तिचं नाव, सहा वर्षांची. तेवीस तारखेला प्रिन्सिपलच्या ऑफिसमध्ये नागपूरहून फोन आला. सर पोहोचले तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. पत्नी म्हणाल्या, मी आता हे घर सोडून कुठे येणार नाही. सर परतले, तर पोस्ट बॉक्समध्ये पत्नीचं पत्र पडलेलं होतं. चौदा तारखेला लिहिलेलं.

"काय होतं त्यात?"

"ताप उतरतोय. आज पेज घेतली. तुम्हाला विचारत होती. काळजी करू नये." सरांनी डब्याचं झाकण लावलं. "पुढं त्याच वर्षी हे पुस्तक हाती लागलं. एमिलीच्या तापाच्या पत्राची तारीख बघितली, चौदा. म्हणून धरून ठेवलं. चौदा ते तेवीस ती बरी होत असते, वहिनी. नऊ दिवस. तुम्ही चार दिवसांनीच पुस्तक मागितलंत."

मी म्हणाले, स्टॉक टेकिंग झालं. पुढची पानं पुन्हा क्लिपनं बंद केली आणि पुस्तक त्यांच्या हातात दिलं. नवी चिठ्ठी मी परत चिकटवली नाही.

दुसऱ्या दिवशी, बावीस तारखेला, मी डबा घेऊन स्टाफरूममध्ये गेले आणि पहिल्यांदाच सरांच्या शेजारी बसले. उस्ताद आले आणि नेहमीसारखं विचारलं, "सर, वो बच्ची कैसी है?"

सरांची बोटं डब्याच्या कडीवर थांबली.

"बुखार उतर रहा है, उस्ताद," मी म्हणाले. "खत पोस्ट में है."

"इन्शाल्ला," उस्ताद म्हणाले.

"इन्शाल्ला," मोघे सर म्हणाले आणि त्यांनी डबा उघडला.