चपला बघून बेल वाजवणारे खानोलकर

खानोलकर कुणाच्याही दाराशी गेले की आधी चिठ्ठी चिकटवतात, मग वाकून चपला बघतात. चपला नसल्या तर माणूस बाहेर गेलाय, आला की वाचेल, हे निघाले. असल्या तरच बेल, तीही ओशाळलेली, अर्धीच.

बहारीनच्या झिंज भागात आम्ही सहा वर्षं समोरासमोर राहतो. त्यांची बायको-मुलगी पुण्यात. मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात बजावलं, "प्रधान, घरी आलात की आधी दाराबाहेर चपला काढा, मग दारावर चिठ्ठी बघा, मगच आत. चुकामूक अशक्य!"

"भावजी, साखर तोंडाने मागा की!" माझी बायको म्हणते.

"वहिनी, तुम्ही फोडणीत असाल. उगाच हाक कशाला?"

ऑफिसात आम्ही दोघं एकाच टीममध्ये. एका खऱ्या मशीनवर, म्हणजे कॉम्प्युटरवर, पुष्कळ आभासी मशीनं नांदवायची, हे आमचं काम. त्यांच्या आभासी प्रोसेसरांना काही कळवायचं तर आमचा प्रोग्रॅम सगळ्यांना हाका मारून थांबवायचा आणि प्रत्येकाच्या 'हो'ची वाट बघत बसायचा. त्यातले निम्मे झोपलेलेच! खानोलकरांनी तिथे आपल्या दाराचा नियम लावला. आधी चिठ्ठी, मग चपला, म्हणजे कामात असल्याची खूण. कामात असेल त्यालाच बेल. झोपलेला उठल्यावर, काम सुरू करण्याआधी वाचेल. मशीन पळायला लागलं. "यल्ला, मिस्टर खान!" अशी अरबी आरोळी ठोकत आमच्या बहारीनी साहेबांनी त्यांना मिठीच मारली. निम्मं नाव गेलं, पण खानोलकर आठवडाभर शीळ घालत होते.

आता जे बायकोलाही सांगितलेलं नाही, ते सांगतो.

गेल्या वर्षी त्या प्रोग्रॅमच्या दोन ओळी मी उलटवल्या. आधी चपला, मग चिठ्ठी. काय फरक पडतो, असं वाटलं. फरक असा पडला, की चपला नाहीत हे बघून प्रोग्रॅम चिठ्ठी लावेपर्यंत एखादा प्रोसेसर यायचा, कोरं दार बघून आत कामाला लागायचा. चिठ्ठी मागाहून लागायची. बेल नाही. आतला बेखबर, बाहेरचा निर्धास्त! हजारांत एकदा व्हायचं, पण मशीन अडकून पडायचं.

खानोलकरांना वाटलं, आपला नियमच खोटा. शीळ बंद झाली. पुण्याची रजा रद्द करून ते चूक शोधत बसले. सापडली, सरळ केली. ओळी कुणी बदलल्या याची नोंद तिथेच असते. पण त्यांनी कुणाला विचारलं नाही. मीही गप्प राहिलो.

परवा शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, दुपारची जेवणं झाल्यावर मी लिहिलं, 'ओळी मी उलटवल्या होत्या. तुमची रजा माझ्यामुळे गेली.' त्यांच्या दाराला चिकटवलं. वाकून बघितलं. चपला होत्या. नियमाने बेल वाजवायची. बोट बटणापर्यंत गेलं आणि मी घरात पळालो.

संध्याकाळी आमची बेल वाजली. अर्धीच. दार उघडेपर्यंत समोरचं दार लागलं होतं. आमच्या दारावरच्या चिठ्ठीत होतं: 'नाव तेव्हाच बघितलं होतं. ते राहू दे. पण माझ्या चपला बाहेर होत्या, मग बेल का नाही वाजवलीत? सहा वर्षं अगदी दिसतील अशा ठेवतो. कुणी वाजवतच नाही.'

मी तसाच अनवाणी गेलो आणि बटणावर बोट ठेवलं.

"अहो, आलो, आलो!" आतून आवाज आला. "कळलं, प्रधान! पुरे!"

मी बोट काढलं नाही. आत शीळ सुरू झाली होती.