पेल्यावरचा नंबर

आमच्या वरच्या मजल्यावरच्या खैरनार अण्णांकडे पाणी मागितलं, की पाण्याआधी अण्णांचं नाव हाती येई. पेल्यावर नाव, तांब्यावर नाव, शिडीवर नाव, छत्रीच्या दांड्यावरही नाव. एकदा मी मोजायला बसलो आणि स्वयंपाकघरातच एकशे बारावर थांबलो. केरसुणीवर मात्र जागा कमी, म्हणून ऑइलपेंटने नुसतं ‘खै.’

"आपलं ते आपलं," अण्णा म्हणत. "नाव नाही ती वस्तू रस्त्यावरची."

भांडी बाजारातला नाव घालणारा अण्णांना पाहिलं की दुसरं गिऱ्हाईक थांबवून ठेवी. शालनवहिनी म्हणायच्या, "एक दिवस मलाही नेतील आणि कपाळावर घालून आणतील."

२००३ साली घरात संगणक आला. कॅबिनेटवर नाव पडलंच. पण आत अण्णांनी वहिनींना वेगळं खातं काढून दिलं, पासवर्डाचं. "तुझं ते तुझं," म्हणाले. त्यांच्या तोंडून असं वाक्य मी तेवढंच ऐकलं. वहिनी माइकवर बोलून ऑस्ट्रेलियातल्या मुलीसाठी, मंजूसाठी, निरोप भरून ठेवत. ते पाठवणं त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही.

वहिनी गेल्या. पुढे संगणक बिघडला आणि दुकानवाल्याने विंडोज नव्याने टाकलं. वहिनींचा फोल्डर जागेवर होता, पण उघडेना. ‘ॲक्सेस इज डिनाइड.’

मी ऑफिसात हिशेब बघतो, त्यामुळे मला संगणकातलं सगळं कळतं, असा सोसायटीचा समज आहे. अण्णा दारात येऊन म्हणाले, "हिशेबनीस, तिचा आवाज आत अडकलाय. काढा."

मी फोल्डरच्या प्रॉपर्टीज उघडल्या. मालकाच्या जागी नाव नव्हतं. ‘एस’ अक्षर आणि पुढे आकड्यांची लांबच लांब ओळ.

"हे कोण?" अण्णांनी विचारलं.

"वहिनी. खातं गेलं की नाव जातं. नुसता नंबर उरतो."

"मग?"

"त्या जागी तुमचं नाव लावायचं. उघडेल."

"आणि हा नंबर?"

"तो जाईल."

मला वाटलं, माणूस आयुष्यभर हेच करत आला आहे, लगेच हो म्हणेल. अण्णा पडद्याकडे बघत राहिले. मग त्यांनी माझा हात माऊसवरून उचलून अलगद बाजूला ठेवला.

"चहा घेता?"

पंधरवडाभर त्यांनी विषय काढला नाही. मग एका रविवारी हाक आली. टेबलावर वहिनींचा पाणी प्यायचा पेला होता. त्यावर अण्णांच्या नावाखाली नवी, चकाकणारी ओळ. एस, आणि पेल्याला वळसा घालून गेलेले सगळे आकडे.

"नाव घालणारा विचारत होता, फोन नंबर आहे का," अण्णा म्हणाले. "म्हटलं, हो. लागत नाही."

मी पेला उचलून हातात फिरवला.

"ताडून बघा. पडद्यावर आहे तोवर."

मी एकेक आकडा ताडला. चूक नव्हती.

"लावा आता माझं नाव."

लावलं. फोल्डर उघडला. पहिल्याच फाइलवर टिचकी मारली. थोडी खरखर झाली आणि वहिनींचा वैतागलेला आवाज आला, "मंजू, थांब गं जरा. अहो, तो टीव्ही बारीक करा!"

अण्णा चटकन उठले. टीव्ही बंदच होता. तरी त्यांनी बटण चाचपून पाहिलं, आणि तिथेच पाठमोरे उभे राहिले.