हनुमंतरावाचे पांढरे मोजे

२०२४ साली मला शहात्तरावं लागलं होतं, आणि त्या साली आमच्या वठारात, म्हणजे एका अंगणाभोवतीच्या भाड्याच्या घरांत, एक माणूस गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घालून लोकांच्या घरांतून फिरत होता. अंगात बनियन, कमरेला पंचा, खाली मोजे. मोजे शाळेतल्या पोरांचे. गणवेशाच्या दुकानातून सहा जोड आणलेले. रविवारी सकाळी दारात उभा राहून विचारायचा, "स्वल्प चालू का आत?"

आणि खरंच चालायचा. भिंतीच्या कडेने, खाटेखाली जमेल तेवढे पाय सारत, कोपऱ्यात थोडं थांबत. मग दारातल्या उजेडात येऊन एक पाय वर धरून बगळ्यासारखा उभा. मोज्यावर काळा ठिपका उडून बसला तर त्या घरात पिसवा. नाही बसला तर, "सरी," म्हणजे बरं, "तुमचं घर पास," म्हणायचा, कॉफी प्यायचा आणि पुढच्या दारात.

हा हनुमंतराव. चाळीस वर्षांचा माझा शेजार. घड्याळजी. मल्लेश्वरमच्या बाजारात पेटीएवढ्या दुकानात जन्म काढला. मोबाइल आले, लोकांची मनगटं रिकामी झाली, तसं दुकान बंद केलं. पण डोळ्यात खोचायचं भिंग आणि चिमटा घरी घेऊन आला. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणायचा, "करायचं होतं. स्वल्प उशीर झाला." स्वल्प म्हणजे कन्नडमध्ये थोडं. पण त्याच्या तोंडी तो शब्द सगळ्याला चालायचा. तापाने फणफणला असला तरी, "स्वल्प अंग गरम आहे."

मी शिंपी. तिसरी शिकलो, तीही कन्नड शाळेत. मराठी आईच्या तोंडून घेतली आणि लिहायला मापाच्या वहीत शिकलो. तेव्हा इथे चुका असतील, पण त्या कोणी मला दाखवू नयेत. मला चूक दाखवलेली आवडत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यामुळेच झालं.

हनुमंतरावाचा एक कुत्रा होता. गल्लीतलाच, तांबडा, एक कान मोडलेला. पहाटे पाचला भुंकायचा म्हणून नाव अलारम. कधी साडेपाचला भुंकला तर हनुमंतराव त्याला म्हणायचा, "स्लो पडलास रे. तेल घालायला पाहिजे."

त्या पावसाळ्यात अलारमला पिसवा झाल्या. रोज सकाळी पायरीवर दोघं बसलेले. एका डोळ्यात भिंग, हातात बारीक दातांची फणी, शेजारी साबणाच्या पाण्याची वाटी. फणीत पिसू आली की चिमट्याने उचलून वाटीत. माणूस जणू राजाचं घड्याळ उघडून बसलाय. मला म्हणायचा, "पिसू म्हणजे सेकंदकाटा, दामाण्णा. बोट ठेवाल तोवर पुढे गेलेली."

मी म्हटलं, "एवढं कशाला? घासलेट चोळ."

चाळीस वर्षांत तेवढं एकदाच तो माझ्यावर ओरडला. "तुमच्या डोक्याला चोळू काय? चाटून मरेल तो!"

त्याने सगळं रीतसर केलं. जनावरांच्या डॉक्टरणीकडून औषध आणलं. मानेवर, जीभ पोचणार नाही तिथे थेंब टाकले. अलारमची पोती दर आठवड्याला उकळत्या पाण्यात. फरशीच्या भेगा चाकूच्या टोकाने कोरून साफ. थोडे दिवस बरे जायचे, की पुन्हा खाजवणं सुरू. डॉक्टरणीने त्याला सांगितलं होतं, कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्या थोड्या. खरी वस्ती अंथरुणात. अंडी तिथे, पिल्लं तिथे. त्याचं अंथरूण तर साफ होतं. म्हणजे अलारम दुसरीकडून कुठून तरी घेऊन येतोय. म्हणून ते मोजे.

वठारात पाच घरं. त्याचं धरून चार पास झाली. पाचवं माझं.

"दामाण्णा, स्वल्प चालू का आत?"

"झडती घ्यायला आलास?"

"झडती कसली? चार पावलं."

"पन्नास वर्षं लोकांचे लग्नाचे कोट या घरात शिवले. एकावर डाग पडला नाही. आणि तुझ्या कुत्र्याच्या पिसवा माझ्या घरात शोधतोस?"

"सरी," म्हणाला. उंबऱ्यावर बसून मोजे काढले, घडी करून काखेत घातले आणि गेला.

आता खरं सांगतो. अलारम रोज दुपारी माझ्याच घरी असायचा. खाटेखाली, सुलोचनाच्या गाठोड्यावर. सुलोचना माझी बायको. जाऊन चार वर्षं झाली होती. ती गेली तेव्हा तिची एक गोधडी अर्धी राहिली. तिच्याच जुन्या लुगड्यांचे थर, कच्च्या टाक्यांनी नुसते धरून ठेवलेले. पक्का धावदोरा एका कडेने हातभर आत आलेला, तिथेच थांबलेला. अशी गोधडी धुता येत नाही. थर सरकतात, गोळा होतो. म्हणून होती तशी चादरीत बांधून ठेवली. मशीनवर घातली असती तर दोन तासांचं काम. मी घातली नाही.

सुलोचना शिवायला बसायची तेव्हा अलारम पिल्लू होता. गोधडीच्या दुसऱ्या टोकावर झोपायचा. ती गेल्यावरही यायचा राहिला नाही. मी त्याला चपातीचा तुकडा द्यायचो, पण दार लोटून. बाहेर चारचौघांत तो "त्याचा कुत्रा" होता.

मग माझ्या घोट्यांवर लाल पुळ्या उठल्या. कपड्याचं माप द्यायला आलेलं गिऱ्हाईक उभ्या उभ्या पाय खाजवायला लागलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच संध्याकाळी नळापाशी सगळ्यांसमोर म्हणालो, "एक तर हा कुत्रा जाईल, नाहीतर मी मालकाला सांगतो."

वठारात वयाने मी मोठा. माझा शब्द चालायचा. हनुमंतराव समोरच होता. भांडेल म्हणून मी शब्द तयार ठेवले होते. तो म्हणाला, "सरी."

रविवारी त्याने ऑटो बोलावला. अलारमचं पोतं, त्याची ताटली, आणि अलारम. के. आर. पुरमला पुतणी राहते, तिच्याकडे ठेवायला. ऑटोत चढवताना कुत्र्याने मान वळवली ती माझ्या दाराकडे. मी मशीन चालवत बसलो होतो. सुईखाली कापड नव्हतं.

तीन आठवडे झाले आणि चावणं दुप्पट झालं. पुळ्या माझ्या मांडीपर्यंत आल्या. मी तरातरा त्याच्या दारात गेलो.

"कुत्रा गेला तरी चावतात! ये आता, घाल तुझे मोजे. होऊन जाऊ दे!"

"नको, दामाण्णा."

"का? चार घरं फिरलास, माझंच का नको?"

शेवटी आला. स्वयंपाकघरात फिरला, मशीनच्या मागे फिरला, दाराशी येऊन पाय वर धरला. "पास," म्हणाला.

"खाटेखाली कोण बघणार?"

"तिकडे काही नसेल."

"बाकीच्यांच्या खाटेखाली पाय घातलेस की!"

"राहू द्या ना हो."

मी ऐकतोय होय! त्याचे मोजे काढायला लावले, स्वतः चढवले आणि गाठोड्याला पाय लावून उभा राहिलो. दारात यायची गरजच पडली नाही. मोज्यांवर तीळ पेरावेत तशा पिसवा बसल्या.

मी खाली बसलो. विचारलं, "तुला माहीत होतं?"

"स्वल्प."

"कधीपासून?"

"पहिल्या आठवड्यापासून. फणीत पिवळा दोरा आला. असल्या दोऱ्याने सुलोचनाअक्काच शिवायच्या."

"मग मोजे घालून सगळ्यांकडे का फिरलास?"

"चूक ठरावी म्हणून. दुसऱ्या कुठल्या घरात सापडल्या असत्या तर बरं झालं असतं."

"आणि मला सांगितलं का नाहीस?"

तो वाकून माझ्या मोज्यांवरच्या पिसवा टिपत राहिला. "सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं? गाठोडं अंगणात आणून सगळ्यांसमोर पेटवलं असतं. 'बघा, माझं घर साफ आहे,' म्हणून. तुमचा स्वभाव मला माहीत नाही? कुत्रा निदान के. आर. पुरमला तरी राहील. गोधडी कुठून आणणार?"

मला पटकन खोडून काढायचं होतं. पण खरं होतं. मी तसंच केलं असतं.

मी म्हणालो, "उद्या जाऊ. घेऊन येऊ त्याला."

"नको. मी दर रविवारी मेट्रोने जातो की. फणी घेऊन जातो, स्वल्प विंचरून येतो. आधी मला बघून उड्या मारायचा. आता शेपूट हलवतो आणि परत पुतणीच्या पोरीच्या पायाशी जाऊन बसतो. तिथे त्याचं मन लागलंय आता. पुन्हा उचलून आणलं तर पुन्हा एकदा घर सुटायचं त्याचं." मग हसला. "तिकडे सहाला भुंकतो म्हणे. त्यांच्या वेळेला लावून घेतलंय स्वतःला."

म्हणजे दर रविवारी मोजे घालून घरोघर फिरणारा, आणि आता कुठेच न फिरणारा हा माणूस रविवारी कुठे जातो, हे भिंतीला भिंत लागून असून मी विचारलं नव्हतं. गेले तीन रविवार त्याच्या घरातून दिवसभर आवाज येत नव्हता. बरं झालं, शांतता झाली, असं मी म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाठोडं पायरीवर आणून उन्हात सोडलं. हनुमंतराव आला. मला एक जोड मोजे दिले, एक स्वतः घातले, साबणाच्या पाण्याची वाटी मध्ये ठेवली. शिवून झाल्याशिवाय धुता येत नाही, म्हणून मी सुई काढली. पिवळा दोरा काढला. दोरा काही केल्या ओवेना. पन्नास वर्षं मी कोणाला सुई ओवायला दिली नव्हती. त्याच्यापुढे धरली. त्याने भिंग डोळ्यात खोचलं, चिमट्याने टोक धरलं आणि एका खेपेत ओवून दिली.

सुलोचना जिथे थांबली होती तिथे मी टाका घातला.

तो वाकून बघत होता. म्हणाला, "अक्कांच्यापेक्षा स्वल्प मोठा आला."

मी बघितलं. आला होता. उसवला, आणि पुन्हा घातला.