लातूरचा नंबर

मन्मथअप्पांना नांदेडात राहून तीसेक वर्षं झाली, तरी ते नांदेडला अजून 'तुमचं गाव' म्हणतात. आमच्या शेजारी त्यांचं स्वतःचं घर आहे. अंगणात त्यांनीच लावलेला आंबा आहे. पण तोही त्यांच्या मते तुमच्या गावचा, म्हणून आंबट.

अप्पा मूळचे लातूरचे. सिंचन खात्याच्या नोकरीत नांदेडला आले आणि इथंच निवृत्त झाले. मूलबाळ नाही, घरात ते आणि काकू. गोदावरीच्या काठी राहून हा माणूस लातूरच्या पाण्याचं कौतुक करतो. एका उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, तेव्हा तरी गप्प बसतील असं मला वाटलं होतं. अप्पा म्हणाले, "आमच्याकडं पाणी बी रेल्वेनं येतंय. तुमच्यावानी नळानं न्हाई."

अशा माणसानं गेल्या वर्षी गाडी घ्यायची ठरवली. इथल्या शोरूममधल्या मुलीनं रंग कोणता विचारलं, तर म्हणाले, रंग कोणता बी द्या, नंबर चोवीस पाहिजे. चोवीस लातूरचा, सव्वीस नांदेडचा. पत्ता नांदेडचा असेल तर सव्वीसच मिळेल, असं तिनं परोपरीनं सांगितलं. अप्पा समोरचा चहा तसाच ठेवून उठले.

नंबरप्लेटकडे बघतं कोण, असं मी रस्त्यात म्हणालो. त्यावर ते म्हणाले, "कपाळाला इभूत लावतो ती कुनी बघावं म्हणून लावतो का? माणूस कुठं बी राहो, गाडीवर त्याचं गाव असावं."

मग आम्ही लातूरच्या शोरूमला गेलो. तिथला माणूस चांगला होता. आधारवर नांदेड आहे, तर लातूरच्या घराच्या घरपट्टीची पावती आणि तिथं राहणाऱ्याचं संमतीपत्र आणा, मग बघू, म्हणाला. अप्पांचा चेहरा उजळला. घर वडिलांचं, अजून वडिलांच्याच नावावर होतं. खाली भुसाराचं दुकान, वर धाकटे भाऊ काशिनाथ राहायचे. अप्पांनी त्या घरात कधी वाटा मागितला नव्हता.

काशिनाथनं आम्हाला बसवलं, चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं. मग आवाज न चढवता म्हणाले, "आज पावती नेशील, अण्णा. उद्या मोजणीवाला आणशील."

अप्पांना ती थट्टा वाटली. ते मोठ्यानं हसले. हसणारे आपण एकटेच आहोत हे लक्षात यायला त्यांना थोडा वेळ लागला.

गाडी शेवटी नांदेडलाच घेतली. सव्वीसची प्लेट लागली. अप्पा नेहमी बाजूनं यायचे, दार उघडून आत बसायचे. पुढून किंवा मागून गाडीकडे बघायचे नाहीत. गाडी पुसायची ती फक्त दारं आणि काचा. प्लेटवरचा चिखल काकू पुसायच्या. महिनाभर त्यांनी लातूरचं नावही काढलं नाही, तेव्हा काकूंनी मला बोलावून विचारलं, यांना काय झालंय?

त्यानंतर एके सकाळी अप्पा आले आणि साक्षीदार म्हणून लातूरला चला म्हणाले. त्यांचा हात अजून बसला नव्हता, म्हणून गाडी मी चालवली. कशाची साक्ष ते रजिस्ट्री कचेरीच्या दारात कळलं. वडिलांच्या घरावरचा हक्क ते काशिनाथच्या नावे सोडत होते. काशिनाथ आपला वकील घेऊन आले होते. वकिलानं कागद दोनदा वाचला. काशिनाथनं झेरॉक्स किती मिळतील ते विचारलं.

सह्या झाल्या, अंगठे झाले. तसे काशिनाथ एकदम मोकळे झाले. "आता पाहिजे तर पावती घेऊन जा, अण्णा," म्हणाले.

"आता नंबर लागला की रे," अप्पा म्हणाले. मग भावाच्या खांद्यावर हात ठेवून, "चल, नव्या गाडीत घरी सोडतो."

काशिनाथनं गाडीकडे बघितलं. संगं कागद हाय, म्हणाले, आणि वकिलाच्या मोटारसायकलवर मागे बसून निघून गेले.

परतीच्या वाटेवर अहमदपूर आलं. शेवटी मलाच राहवलं नाही. एका पावतीपायी एवढं रागावून घर कशाला सोडलं, असं मी विचारलं.

"रागानं न्हाई," ते म्हणाले. "त्याला म्या हातात धरून शाळेत नेलेलं हाय. त्याला माझं भ्या वाटून राहिलं होतं. मग झोप कशी लागावी?"

कुणाची झोप, ते त्यांनी सांगितलं नाही.

नांदेडला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. मी किल्ली त्यांच्या हातात दिली, पण अप्पा उतरले नाहीत. आता काशिनाथचा फोन यील, म्हणाले. पोचला का म्हणून इचारंल. आत घरात रेंज नसती.

त्यांच्या घरात रेंज चांगली असते, हे मला माहीत आहे. फाटकाशी काकू बराच वेळ उभ्या होत्या. मग त्यांनी चहा आणून खिडकीतून दिला, आणि मागचं दार उघडून त्याही आत बसल्या.