उलट बाजूचे तोडणकर

तोडणकरांनी आमच्या कट्ट्यावर एकदा भुतांच्या बाजूनं पंचवीस मिनिटं भाषण केलं. ते इतकं जमलं, की सभा संपल्यावर भांडुपहून आलेल्या एका बाईंनी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "तुमच्या ओळखीत कोणी चांगला मांत्रिक आहे का हो?" आता हे विचारलं कुठे, तर 'माणूस कट्टा' नावाच्या मंडळाच्या सभेत. देव, दैव, मुहूर्त, भूत यांतलं काही मध्ये न आणता माणसानं माणसाशी नीट वागावं, एवढं एकच म्हणणं असलेली आम्ही तीस-पस्तीस माणसं. तोडणकर कपाळावर हात मारत माझ्याकडे आले आणि म्हणाले, "सेक्रेटरीबाई, वाट लागली. भाषण लागू पडलं."

मी त्या कट्ट्याची सेक्रेटरी. नाव मोठं, काम म्हणाल तर वक्त्यांना फोन करणं, शाळेच्या वॉचमनकडून वर्गाची किल्ली मागून घेणं आणि खारीचा पुडा आणणं. मुलुंड पूर्वेच्या एका शाळेचा दुसरीचा वर्ग आम्हाला महिन्यातल्या तिसऱ्या रविवारी संध्याकाळी मिळतो. साठी उलटलेली माणसं दुसरीच्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसतात आणि मानवी स्वातंत्र्यावर चर्चा करतात. बाहेरून बघणाऱ्याला हसू येतं. आतून गुडघे दुखतात.

आमच्याकडे एक पद्धत आहे. वक्ता बोलला की त्याच्या विरुद्ध बाजूनं कोणीतरी बोलायचंच, मग त्या माणसाला स्वतःला ते पटो न पटो. सगळ्यांनी माना डोलवून घरी जायचं तर ते कीर्तनातही होतं, असं मंडळ काढणाऱ्यांचं म्हणणं होतं. पद्धत चांगली, पण उभं कोण राहणार? पत्रिकेच्या बाजूनं बोलायचं म्हणजे चारचौघांत तोंडाला काळं फासून घेण्यासारखं. पहिले सहा महिने मी एकेकाच्या विनवण्या करत होते. मग एका रविवारी मागच्या बाकावरून तोडणकर उठले, आणि त्यानंतर नऊ वर्षं ती जागा त्यांचीच झाली.

बुटका, गोलसर माणूस. एका खासगी कंपनीत ड्राफ्ट्समन होते, आता निवृत्त. मूळचे गुहागरकडचे, त्यामुळे भाषण रंगात आलं की समोरच्या प्राध्यापकालाही "अरे मेल्या" म्हणायचे आणि मग चहाच्या वेळी जाऊन माफी मागायचे. माझ्या शेजारच्याच बिल्डिंगमध्ये राहायचे, म्हणून त्यांची तयारी मला घरबसल्या दिसायची. ती तयारी म्हणजे काय विचारू नका. मुहूर्ताची बाजू घ्यायची होती तेव्हा तीन ज्योतिषांकडे जाऊन आले. बासष्टाव्या वर्षी तिघांनीही त्यांना परदेशगमनाचा योग सांगितला. "तिघांचं एकमत आहे म्हणजे शास्त्रच असलं पाहिजे," असं त्यांनी भाषणात ठणकावून सांगितलं आणि वर्ग हसून लोळला. नवसाच्या बाजूनं बोलायचं होतं तेव्हा लोकांशी बोलायला म्हणून ओळीनं पाच मंगळवार देवळाच्या रांगेत उभे राहिले. आमच्या सोसायटीतल्या बायकांनी त्यांच्या बायकोचं अभिनंदन केलं, की चला, उशिरा का होईना, माणूस मार्गाला लागला.

त्यांची बायको म्हणजे शालनताई. बोलायच्या कमी, पण जे बोलायच्या ते नेमकं. एकदा मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसले होते. शालनताई वांगी चिरत होत्या. त्यांनी तिथूनच बाहेर हाक मारली, "अहो, या महिन्यात तुम्ही कोण आहात?"

"सनातनी," बाहेरून उत्तर आलं.

"मग कांदा घालू की नको?"

"घाल. भाषण रविवारी आहे."

मूलबाळ नव्हतं. ही दोघंच एकमेकांचं सगळं काही. प्रत्येक सभेला शालनताई खिडकीजवळच्या बाकावर बसायच्या आणि नवऱ्याचं भाषण, हा कोण बरं नवीन माणूस, अशा चेहऱ्यानं ऐकायच्या.

मांत्रिकाच्या प्रकारानंतर आम्ही एक नियम केला. उलट बाजू मांडून झाली, की बसण्याआधी सांगायचं, "ही माझी स्वतःची बाजू नाही." उगाच कोणाचा गैरसमज नको. तोडणकरांना हा नियम फार आवडला. ते चष्मा काढायचे, पुसायचे, वर्गावर एकदा नजर फिरवायचे आणि मग ते वाक्य असं म्हणायचे, की लोक पुन्हा एकदा टाळ्या वाजवायचे. नऊ वर्षांत हे वाक्य त्यांनी एकदाच चुकवलं. मी सेक्रेटरी असून मला ते कळलं नाही, म्हणजे कळलं पण मी सोडून दिलं, आणि तेच मला आज सांगायचं आहे.

त्या महिन्याचा विषय होता देहदान. एका मेडिकल कॉलेजमध्ये शरीररचना शिकवणाऱ्या डॉक्टरबाई बोलायला येणार होत्या. नेहमीप्रमाणे मी बुधवारी तोडणकरांना फोन केला. तर पलीकडून आवाज आला, "या वेळी दुसऱ्या कोणाला तरी द्या."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा हा माणूस नाही म्हणत होता. एखाद्या शहाण्या बाईनं विचारलं असतं, का हो, बरं आहे ना सगळं? मी काय म्हणाले? म्हणाले, "नाटकं करू नका, तोडणकर. लोक तुमच्यासाठी येतात. भुतांची बाजू घेतलीत, हुंड्याची घेतलीत, आता ही घ्यायला काय होतंय?"

"तसं नाही हो..."

"मग कसं? तुमचा स्वतःचा फॉर्म तर केव्हाच भरून झालाय."

ते खरंच होतं. देहदानाचा फॉर्म मंडळात सगळ्यात आधी भरला तो तोडणकरांनी. शेवटी म्हणाले, "बरं. बोलतो."

रविवारी वर्ग भरलेला होता. डॉक्टरबाई छान बोलल्या. मग तोडणकर उठले. सुरुवात नेहमीसारखीच केली. म्हणाले, "डॉक्टरबाई म्हणतात, शरीर म्हणजे हाडं आणि मांस. मान्य. उद्या माझ्या घरी पाहुणा आला आणि विचारलं, वहिनी कुठे आहेत, तर मी सांगणार, कॉलेजात आहेत. दुसरा मजला, चौथं टेबल." सगळे हसले. डॉक्टरबाईही हसल्या.

मग त्यांचा आवाज खाली आला. "पण हाडामांसाचाच एक हात मला चाळीस वर्षं सकाळचा चहा देतोय. त्या हाताला भाजल्याची एक खूण आहे, ती मला पाठ आहे. तो हात पोरांनी टेबलावर ठेवून उघडायचा, आणि मी इकडे घरी बसून म्हणायचं, वा, समाजाचं काम झालं? मला नाही जमणार. माझं शरीर घेऊन जा, मेल्यांनो, आत्ता न्या. दुसऱ्याचं द्यायला मला सांगू नका." आणि ते खाली बसले.

मग टाळ्या. इतक्या टाळ्या त्यांना भुतांसाठीही पडल्या नव्हत्या. पण त्यांनी चष्मा काढला नाही, पुसला नाही, ते वाक्य म्हटलं नाही. माझ्या लक्षात आलं होतं. पण दारात वॉचमन किल्ल्यांचा जुडगा वाजवत उभा होता, डॉक्टरबाईंना ठाण्याला जायचं होतं, आणि मला वाटलं, असू दे, तोडणकर शेवटी काय म्हणतात ते आता सगळ्यांना माहीतच आहे. जाताना मी त्यांना म्हणाले, "आज कमाल केलीत. अगदी खरं वाटलं." ते म्हणाले, "वाटलं ना? मग झालं." शालनताई दारात चप्पल घालत उभ्या होत्या.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या आधी शालनताई गेल्या. सकाळी छातीत दुखायला लागलं आणि हॉस्पिटलात पोचेपर्यंत संपलं. मी धावत गेले. काय बोलावं ते सुचेना, तेव्हा मी सेक्रेटरीचं काम करायला लागले. म्हटलं, "कॉलेजला मी फोन करते. शालनताईंनी फॉर्म भरला होता ना? मागे मला म्हणाल्या होत्या."

तोडणकर माझ्याकडे न बघताच म्हणाले, "नको. तिनं रद्द केला."

विद्युतदाहिनीत नेलं. पुढच्या सभेत ते आले नाहीत आणि त्यांच्या पाठीमागे मंडळातले एक ज्येष्ठ सभासद बोलले, "स्वतःच्या घरची वेळ आली की सगळे सारखेच. बोलायला एक आणि करायला एक." कोणी विरोध केला नाही. त्या दिवशी उलट बाजू मांडायला एकही माणूस उठला नाही, मीसुद्धा नाही. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं होतं. नऊ वर्षं ओळखत होते मी त्या माणसाला, आणि तरी मला असं वाटलं, याची लाज मला अजून वाटते.

जानेवारीत एका दुपारी ते माझ्याकडे आले. हातात एक प्लास्टिकचं फोल्डर. बसले, पाणी प्यायले आणि फोल्डरमधून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. शालनताईंचा फॉर्म. खाली त्यांची स्वतःची सही, तिरकी, बारीक. शेजारी नातेवाइकाच्या सहीची जागा कोरी. आणि सगळ्या कागदावरून पेनानं मारलेली एकच सरळ रेघ.

"देहदानाच्या सभेच्या आठवड्यात घरी आणला होता तिनं," ते म्हणाले. "सोमवारी माझ्यापुढे ठेवला. म्हणाली, सही करा. माझा फॉर्म होता तेव्हा तिनं भाजी चिरता चिरता हात पुसून सही केली होती, बघा. एक सेकंद विचार केला नव्हता. आणि मला तिच्या कागदावर सही करता येईना. मी म्हटलं, चष्मा सापडत नाही. मंगळवारी म्हटलं, पेन चालत नाही. बुधवारी तुमचा फोन आला."

मी म्हणाले, "पण तोडणकर, ते तर तुम्ही उलट बाजू म्हणून बोललात. शालनताईंचा गैरसमज झाला. तुम्ही शेवटी ते वाक्य म्हणायला विसरलात म्हणून..."

"विसरलो नाही," ते म्हणाले. "खोटं कसं बोलू? इतकी वर्षं बोललो त्यात ती एकच माझी स्वतःची बाजू होती. वर्गात चाळीस माणसं होती. एकटीला कळलं."

त्या रविवारी सभेनंतर घरी गेल्यावर शालनताईंनी पोळ्या केल्या, दोघं जेवली, विषय निघाला नाही. फॉर्म टेबलावर होता तो दुसऱ्या दिवशी तिथे नव्हता. तोडणकरांनी विचारलं नाही. त्यांना सुटल्यासारखं वाटलं, असं ते म्हणाले. त्या गेल्यावर कपाटात साड्यांच्या खाली हे फोल्डर सापडलं.

"तिची एकच इच्छा होती हो," तोडणकर म्हणाले. "दागिना नाही, कधी कुठे फिरायला न्या म्हणाली नाही. एक कागद पुढे केला. आणि मी, माणसाच्या इच्छेचा मान राखावा म्हणून भाषणं ऐकणारा माणूस, चष्मा शोधत बसलो. मंडळातले लोक काय बोलतात ते आलंय माझ्या कानावर. बरोबरच बोलतात."

मग मला राहवलं नाही. मी म्हणाले, "चूक माझी आहे. तुम्ही नको म्हणत होतात आणि मी तुम्हाला उभं केलं. मी एकदा जरी विचारलं असतं, तर..."

त्यांनी हातानंच मला थांबवलं. "तुम्ही उभं केलं नसतंत तर तेही बोललो नसतो. घरात दोघंच असताना मला हे कधी बोलता आलं असतं? चाळीस वर्षांत तिच्या हाताबद्दल चकार शब्द काढला नव्हता मी. लोकांसमोर का होईना, तिनं ऐकलं."

कागद त्यांनी पुन्हा फोल्डरमध्ये ठेवला. कडा नीट जुळवल्या, ड्राफ्ट्समनच तो. उठले, दारापर्यंत गेले आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले.

"फक्त एक वाटतं," म्हणाले. "तिनं आणखी एकदा विचारायला हवं होतं. रागावून, हट्ट करून, कसंही. रडत रडत का होईना, मी केली असती सही."