कोरड्या तळ्याचा नौका क्लब

गुरलिंगप्पा रोज सकाळी होडीत बसून अंघोळ करायचे. होडी त्यांच्या किराणा दुकानासमोर, आणि गावाचं तळं पार कोरडं. अंघोळीचं पाणी लाकडाला मिळालं की फळ्या उन्हानं फाकत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. दुष्काळात पाण्याची अशी दुहेरी सोय दुसऱ्या कुणाला सुचली नसती.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. नवा जिल्हा म्हणजे नवे साहेब, नव्या योजना. अप्पांनी नेमका त्याच उन्हाळ्यात ‘नौकाविहार व मासेमारी क्लब’ काढला. गळ्यात लिंग, घरात अंडंसुद्धा चालत नाही, आणि हा माणूस मासे धरायला निघालेला! समोरच्या शिलाईच्या दुकानातून मी सगळं बघत होतो. अप्पांचा डोळा तळ्यातल्या गाळाच्या जमिनीवर आहे, याची मला खात्री होती. म्हणून मीही सभासद झालो. आत राहिलं की नजर ठेवता येते.

सभासद आम्ही तिघंच. अध्यक्ष केलं मारुती भोयाला, होडीही त्याचीच. तळं आटल्यापासून त्याचं जाळं खुंटीला होतं आणि हैदराबादचा पोरगा त्याला कायमचं घेऊन जायला बघत होता. मारुतीनं पहिल्याच बैठकीत जायचं म्हणून सांगितलं.

“राजीनाम्याबिगर अध्यक्षाला गाव सोडता येत न्हाई,” अप्पा म्हणाले. “कायदा म्हंजे कायदा.”

“मग घे राजीनामा.”

“असा न्हाई. म्होरच्या बैठकीत मांडावं लागतंय.”

पुढच्या बाजाराच्या दिवशी बैठक भरली. मारुतीनं घसा खाकरताच अप्पांनी चपला पायात सरकवल्या. “दोघंच ऱ्हायलात. तिघांबिगर बैठक न्हाई,” हे त्यांनी रस्त्यावरूनच सांगितलं. त्याच्या पुढच्या वेळी अप्पांच्या पोटात कळ आली. एकदा दुकानात गिऱ्हाईक आलं म्हणून उठले, तेव्हा दुकानाला कुलूप होतं.

माझा संशय वाढतच गेला. भोयाच्या नावानं तळ्याचा ठेका घ्यायचा आणि मलई आपण खायची, हा डाव मला आता लख्ख दिसत होता.

शेवटी पोरगा न्यायला आला. मारुती वळकटी घेऊन सरळ बैठकीलाच आला.

“नातवंडं वाट बघायलीत. हितं काय करू? जाऊ दे मला.”

अप्पा चप्पल चाचपू लागले. मी ती पायाखाली दाबून धरली. “अप्पा, आज खरं सांगा. काय शिजवायलात?”

अप्पा खाली बसले.

“घरात सुना अप्पा म्हणतेत, गिऱ्हाइकं अप्पा म्हणतेत, तू बी अप्पाच म्हणतूस. ह्यो गेला की मला गुरल्या म्हणणारं कोन हाय रं गावात?”

मारुतीनं उपरणं डोळ्याला लावलं. वळकटी मात्र खाली ठेवली नाही. मग अप्पांनीच हात वर केला. “मंजूर,” ते म्हणाले.

एस.टी. हलली तेव्हा मारुती खिडकीतून ओरडला, “गुरल्या, येळेवर जेवत जा!” धुरळा खाली बसला तरी अप्पा तिकडंच बघत होते. मला फार वाईट वाटलं. त्यांच्या खांद्यावर हात ठेवून ‘गुरल्या, चल, चहा पिऊ’ म्हणावं, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण मी त्यांच्या पोराच्या वयाचा. जीभच उचलेना.

“चला, अप्पा,” मी म्हणालो.