पाहुणे आणि घरचे: फरक स्पष्ट करा

"चाळीस म्हंजे चाळीस! एक्केचाळिसावा माणूस दिसला तं मी तशीच पुसदले भावाकडं निंघून जाईन," विमलताईंनी बजावले.

घनश्याम गुरुजींनी यादीतून मान वर केली. "विमल, चाळीस अन् चाळीसेक, यात फरक अस्ते."

"तुमच्या फरकानंच मागच्या खेपी माही इज्जत गेली!"

हे मात्र खरे होते. दोन वर्षांपूर्वी जुन्याच जागी बांधलेल्या नव्या घराच्या वास्तूला वरण कमी पडले होते. शेवटच्या पंगतीत बसलेल्या शेजारच्या रुखमाबाईंना कोरडा भात गिळावा लागला आणि तेव्हापासून गावात कुणाकडे नुसते वरण पातळ झाले तरी विमलताईंचे नाव निघे. आता शेतातल्या बोअरला चांगले तीन इंच पाणी लागले होते, म्हणून रविवारी आंब्याखाली रोडग्यांचा बेत ठरला होता. जाडसर कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या रसरशीत आरात भाजायचे, राख झटकून तुपात बुडवायचे, सोबतीला वांग्याची भाजी आणि तुरीचे वरण. दहा किलो कणीक, चाळीस माणसे. या वेळी काही कमी पडले असते तर विमलताईंनी बाभुळगाव तालुक्यात तोंड दाखवले नसते.

गुरुजींनी बत्तीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवले होते आणि 'फरक स्पष्ट करा' हा त्यांचा जीव की प्राण असलेला प्रश्न होता. गुरुजी निवृत्त झाले, प्रश्न झाला नाही. झोप आणि डुलकी, कंजूषपणा आणि काटकसर, सल्ला आणि लुडबुड, कशातलाही फरक ते उभ्याउभ्या समजावून देत. एकदा ताटावर बसून त्यांनी 'खारट भाजी' आणि 'मीठ जास्त झालेली भाजी' यांतला फरक सांगितला होता. त्या रात्री ते दूध-भाकरीवर झोपले.

गुरुवारी गुरुजींनी चाळीस जणांना घरोघरी जाऊन रीतसर आवतण दिले. परत येताना बंजाऱ्यांच्या तांड्याच्या वळणावर गुलाबसिंग भेटले. गुलाबसिंग आणि गुरुजी यांची शेते बांधाला बांध लागून. वीस वर्षांची दोस्ती. पण एकट्या गुलाबसिंगांना सांगावे तर तांड्यावरच्या बाकीच्यांनी काय घोडे मारले, म्हणून यादीत तांडाच नव्हता.

"गुरुजी, रोडगे हायेत म्हंते रविवारी?"

गुरुजींना खोटे बोलता येत नसे. "हायेत."

"मले आवतन नाई आलं."

गुरुजींना घाम फुटला. मित्राचा पडलेला चेहरा त्यांना पाहवेना. मग बत्तीस वर्षांची सवय मदतीला धावली.

"गुलाबसिंग, पाहुणा अन् घरचा माणूस, यातला फरक सांग बरं?"

"तुमीच सांगा जी."

"पाहुण्याले आवतन द्यावं लागते. घरच्या माणसाले कोनी आवतन देते का? तू माह्या पोरीले, निशिगंधेले इचार, तिले देल्लं का म्या?"

गुलाबसिंगांचे डोळे भरून आले. त्यांनी गुरुजींचा हात दोन्ही हातांत धरला. "वीस वर्सं झाले, गुरुजी. आज समजलं का तुमी मले काय समजता."

गुरुजी खुशीत घरी आले. न बोलावता माणूस खूश झाला, याहून चांगले काय? पण गुलाबसिंग तिथून थेट बसथांब्यावरच्या चहाच्या टपरीवर गेले होते.

शुक्रवारी सकाळी रुखमाबाई दारात उभ्या. "गुरुजी, मले आवतन काहून देल्लं?"

"म्हंजे?"

"तांडा घरचा, अन् मी परकी? शेजारी राहून राह्यली मी तीस वर्सापासून! विमलच्या बाळंतपनात रात रात जागली, अन् आता मले आवतन?"

"रुखमाबाई, परका अन् पाहुणा, यातही फरक..."

"फरक तुमच्याजोळ ठेवा. माहं आवतन वापस घ्या!"

गुरुजींनी घेतले वापस. काय करतात? रुखमाबाई मान ताठ करून गेल्या आणि तासाभरात दुकानदार देवीलाल आले. टपरीवर त्यांना पोट्ट्यांनी चिडवले होते, "आवतन आलं न तुमाले? मंग तुमी पाहुने. आमी घरचे." देवीलालांनीही आवतण परत केले. दुपारपर्यंत रांगच लागली. ज्याला आवतण होते तो परत करायला येत होता, आणि ज्याला नव्हते तो गावभर छाती काढून हिंडत होता.

शनिवारी गुरुजींनी घसा साफ करून बायकोला बातमी दिली. "विमल, तुही चिंता मिटली. चाळीसातला एकबी पाहुणा येत नाई."

विमलताईंनी हातातले वांगे खाली ठेवले. "मंग येते तरी कोन?"

"पाहुणे कोनीच नाई. घरचे..." गुरुजींचा आवाज बारीक झाला, "घरचे म्हंजे गाव अन् तांडा."

निशिगंधा कॉलेजच्या सुटीत घरी आली होती. ती हसता हसता खाटेवरून खाली घसरली. विमलताई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी शांतपणे बॅग काढली, तीत चार लुगडी भरली आणि विचारले, "पुसदची पयली गाडी कितीले हाय?"

"विमल, रागानं जानं अन् सोडून जानं..."

"बाबा," निशिगंधा म्हणाली, "आता तुमी काईच बोलू नका."

रविवारी सकाळी विमलताई खरोखर बॅग घेऊन अंगणात आल्या. फाटकात ट्रॅक्टर उभा होता. ट्रॉलीत ढीगभर गोवऱ्या आणि गोवऱ्यांच्या बाजूला गुलाबसिंगांची बायको धुरपताबाई, मांडीवर भलीमोठी परात घेऊन.

"विमलताई, थे बॅग ठेवा अन् बसा ट्रॅक्टरवर. गवऱ्या वावरात कुठं उतरवाच्या थे दाखवा. घरचं काम हाय, उशीर काहून करता?"

विमलताई शेतात पोचल्या आणि बघतच राहिल्या. घरचा माणूस रिकाम्या हाताने येत नाही, हे गावाला कुणी शिकवावे लागत नव्हते. कुणी वांगी आणली होती, कुणी डाळ, कुणी घरचे तूप. रुखमाबाई पाच किलो कणीक मळूनच आल्या होत्या आणि 'या वक्ती वरन मी पाहीन, कमी पडते कसं थे पाहू' म्हणत त्यांनी चुलीचा ताबा घेतला होता. देवीलाल हयातीत पहिल्यांदा कांदे चिरत होते. तांड्यावरच्या बाया गाणे म्हणत गोळे वळत होत्या. विमलताईंनी पदर खोचला. पुसदची गाडी केव्हा गेली ते त्यांना कळलेही नाही.

एक वाजता आंब्याखाली लांबच लांब पट्ट्या अंथरल्या गेल्या. दीडशे पत्रावळी मांडून झाल्या. वाफाळत्या वरणाच्या बादल्या भरल्या. गुरुजींनी हात जोडले, "चला मंडळी, बसा."

कुणी बसेना.

"देवीलाल, बसा न."

"वा गुरुजी! घरचा मानूस पयल्या पंगतीत बसते का? अगुदर पाहुने."

"गुलाबसिंग, तू तरी बस."

"मी वाढाले हाय," असे म्हणून गुलाबसिंगांनी बादली पोटाशी धरली.

वाढायला दीडशे माणसे तयार होती आणि जेवायला एक नव्हता. जो बसेल तो परका ठरणार होता. रोडगे निवत चालले. तेवढ्यात एक मोटारसायकलवाला कळंबचा रस्ता विचारायला थांबला. पाच जणांनी त्याला धरले, दोघांनी त्याचे हात धुतले, एकाने त्याचे बूट काढायला घेतले. बिचारा घाबरला. "मी जेऊन आलो, माय!" असे ओरडत त्याने गाडी पिटाळली, तीही कळंबच्या उलट्या दिशेला.

गुरुजी रडकुंडीला आले. "अरे, पाहुणा अन् घरचा, यात फरक नसते रे बावांनो!"

"वा!" देवीलाल म्हणाले. "तुमीच तं समजावून सांगतलं."

सकाळपासून आरासमोर बसून विमलताईंचा चेहरा लालबुंद झाला होता. त्या उठल्या, हातपाय धुतले आणि सरळ जाऊन पहिल्या पत्रावळीवर बसल्या. घरधनीण आणि पहिल्या पंगतीत?

रुखमाबाईंनी विचारले, "बाई, तू पाहुनी का घरची?"

"मी भुकेजली हावो," विमलताई म्हणाल्या. "वाढा."

धुरपताबाई खो खो हसल्या. "मले बी भूक लागली व माय!" म्हणत त्या शेजारी टेकल्या. मग रुखमाबाई, मग देवीलाल, मग गुलाबसिंग, बादली बाजूला ठेवून. दोन मिनिटांत पट्टीवर जागा उरली नाही. उभे राहिले एकटे घनश्याम गुरुजी. त्यांनी धोतर खोचले आणि दीडशे जणांना वाढले. कुणी वरण मागत होते, कुणी तूप. "गुरुजी, आग्रह अन् जबरदस्ती, यात फरक काय जी?" असे कुणी विचारले तर उत्तर द्यायला त्यांना दमही नव्हता.

चार वाजता मंडळी ढेकर देत पांगली. गुरुजी वरणाच्या मोठ्या गंजापाशी गेले. झाकण काढले. तळ दिसला. दुसऱ्याचे काढले, तिथेही तळ. वांगी नाहीत, वरण नाही, टोपलीत रोडग्यांचा चुरासुद्धा नाही. गुरुजींना दोन वर्षांपूर्वीची वास्तू आठवली आणि ते स्वतःची भूकही विसरले.

"विमल," ते चाचरत म्हणाले, "कमी पडलं का व?"

विमलताई झाडाला टेकून बसल्या होत्या. इतक्या निवांत त्या कित्येक वर्षांत दिसल्या नव्हत्या.

"कमी नाई पडलं. संपलं," त्या म्हणाल्या. "कमी पडलं म्हंजे लोकं उपाशी उठले. संपलं म्हंजे पोट भरून उठले. बत्तीस वर्सं मास्तरकी केली अन् एवढाबी फरक समजत नाई?"

मग त्यांनी काडीने राख उकरली आणि आतून एक रोडगा बाहेर काढला. फुंकर मारून, पदराने पुसून तो गुरुजींच्या हातावर ठेवला. चटका बसत होता, तरी गुरुजींनी तो सोडला नाही. त्यांनी रोडग्याकडे पाहिले आणि मग बायकोकडे.

"विमल, एक इचारू? हा रोडगा उरला, का तू ठेवला?"

विमलताईंनी पटकन तोंड बोअरकडे फिरवले.

"गरम हाय तं खा न चुपचाप!"